मुठीखालची तीट

१४ नोव्हें.

सकाळी लेथ सुरू केला आणि लाइन गेली. शिवणीच्या लाकडाचा तुकडा अर्धा गोल, अर्धा चौकोनी, तसाच अडकून राहिला. बसले त्याच्याकडे बघत. खुळखुळ्याच्या कड्या सुटायच्या आधीचं लाकूड मला फार आवडतं. कड्या दांड्याभोवती दिसत असतात, पण अजून दांड्याच्याच असतात. शेवटचा पापुद्रा पटाशीने कापला की एकदम मोकळ्या होतात आणि वाजायला लागतात. सांधा नाही, खिळा नाही, गोंद नाही. सासऱ्यांनी जन्मभर याच लेथवर पलंगाचे पाय आणि लाटणी केली. माझे खुळखुळे पाहून हसले असते.

सासूबाई दारात उन्हाला बसून तयार खुळखुळे फडक्याने पुसत होत्या. एकेकाशी बोलतात. "जाय बापा, जाशीन त्या घरी सुखानं राहाय." टाचांना भेगा पडल्यात, बिब्बा लावतात, अंगठा काळा झालाय. म्हटलं, आत्याबाई, हात धुऊन पुसा. "धुतले वं बाई, धुतले. बोंडं वेचून आल्यावानी रोज धुऊन राह्यली मी हात."

दुपारी प्रज्ञाचा आर्णीहून फोन. शेजारच्या अंगणात फ्रॉक घालून नाचणारी पोर, आता तिचीच मुलगी बसायला लागली. मैत्री तिचं नाव. यांनी परवा ड्युटीवर जाताना खुळखुळा नेऊन दिला होता. "काकू, दिवसभर वाजवते. आवाज बंद झाला की समजायचं, तोंडात गेला." हसत होती. मग हळूच: "सासूबाई विचारतात, रंग सुटत नाही ना?"

म्हटलं, बाई गं, मी प्रत्येक खुळखुळा आधी स्वतः चावते. वरून, खालून, कडेकडेने. हे चेष्टा करतात, "लाकडावर दात काढून राह्यली का?" करू देत. माझ्या जिभेला चाललं नाही ते लेकराच्या जिभेला जाणार नाही.

१८ नोव्हें.

प्रज्ञाचा फोन. आधी फक्त रडणं.

मैत्रीचे ओठ सुजलेत. हनुवटीवर पाणी भरलेले फोड. उजव्या हाताच्या बोटांवर फोड. त्याच हाताने डोळा चोळला, तो डोळा उघडत नाही. यवतमाळला मुलांच्या दवाखान्यात आणलंय.

"काकू, डॉक्टर विचारतात तोंडात काय घातलं होतं. ती तर फक्त..."



फोटो आला. पाहिला. मोबाइल पालथा ठेवला. परत उचलला. ते तोंड मैत्रीचं नव्हतंच. आंब्याएवढं काहीतरी.

मिळाली ती गाडी धरून यवतमाळला निघते.

तीच तारीख, परत आल्यावर.



डॉक्टरबाई तरुण. रागावल्या नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली. "रंग कुठले वापरता?" म्हटलं, लाख, हळद, पळसाची फुलं, नीळ. बाजारचं काही नाही. "खात्री आहे?" आहे म्हटलं. किती पटकन निघाला तो शब्द तोंडातून. खुळखुळा आर्णीलाच राहिला होता. तो बघायला हवा म्हणाल्या. आणि डोळ्याच्या आत काही गेलंय का ते सूज उतरल्याशिवाय सांगता येणार नाही.

डोळ्याच्या आत.

मैत्री रडत नव्हती. रडायला तोंड उघडावं लागतं. प्रज्ञा चमच्याने दूध ओठांना न लावता आत सोडायचा प्रयत्न करत होती. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं. रागाने नाही. मी काही सांगेन, अशा नजरेने.

तिची सासू मात्र बोलली. सगळ्या वॉर्डासमोर. "जिच्या घरी पाळना नाही हालला, तिले काय समजते लेकराचं तोंड? म्हने खुळखुळे करते!"

प्रज्ञा म्हणाली, "आई." एवढंच.

लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या सासूबाईंनी हे वाक्य मला कधी ऐकवलं नाही. पुसदला माझ्या माहेरी एका लग्नात कोणी बोललं तर ताट सरकवून उठल्या होत्या. "माह्या सुनेचं माप काढाले आली का तुम्ही? उठ वं, घरी जाऊ."

बसमध्ये तेच आठवत राहिलं. घरी आले तर विचारतात, "काय झालं लेकराले? दीठ लागली का?"

१९ नोव्हें.

लेथ बंद.

रंगवायच्या लाखेची एकेक कांडी घेतली आणि तोंडात धरून बसले. पिवळी. लाल. निळी. ओठ चोळले, जीभ घासली, चघळली, थुंकी नाकाखाली लावली. दिवसभर. काही नाही. आरशात जाऊन जाऊन पाहिलं. थोडी सूज दिसली असती तर बरं वाटलं असतं, असा विचार आला. हे काय डोकं झालंय माझं.

लाकूड? शिवण विषारी नसते. लहानपणी शिवणीची पिकली फळं खाल्ली आहेत आम्ही. पुसायचं तेल? खोबरेल. खायचंच.

मग काय?

हे म्हणाले, "कदाचित किडा चावला असन." कंडक्टर माणूस, रोज गाडीभर लोकांची समजूत काढायची सवय. मला हवं होतं ते आणि पटलं नाही.

मैत्रीचा डोळा तसाच.

२१ नोव्हें.

लिहायलाच हवं, नाहीतर उद्या वाटेल असं घडलंच नव्हतं.

सकाळी प्रज्ञाच्या नवऱ्याने आर्णीहून खुळखुळ्याचे फोटो पाठवले. डॉक्टरांना दाखवायला काढलेले, मलाही. वरून, बाजूने. माझाच. लाल कड्या, पिवळा दांडा. कुठे रंग उडालेला नाही. शेवटचा फोटो मुठीच्या खालच्या टोकाचा. तिथे मधोमध एक काळा ठिपका.

मी ठिपका काढत नाही.

आधी वाटलं, लेथवर घासून जळलं असेल. मग वाटलं, गाठ असेल लाकडाची. उठून फळीवरचे तयार खुळखुळे काढले. एक उलटा केला. ठिपका. दुसरा. ठिपका. सगळे उलटे केले. सगळ्यांच्या मुठीखाली, अगदी मधोमध, चण्याच्या डाळीएवढी, नीट बसवलेली, वाळलेली काळी तपकिरी टिकली. नवऱ्या मुलीला लावतात तशी.

खाली बसले.

दिवाळीतली गोष्ट. सासूबाईंनी नव्या खुळखुळ्यांना काजळाची तीट लावली होती. त्यांचं म्हणणं, इतकी देखणी चीज, कोरी बाहेर गेली तर दीठ लागते, लागली तर धरणाऱ्या लेकराला बाधते. मी पुसून टाकली होती. म्हटलं होतं, काजळ पोटात जातं, आत्याबाई, आणि पुसलंही जातं, काय उपयोग? त्या काही बोलल्या नव्हत्या. मला वाटलं पटलं.

पटलंच होतं. माझं अर्धंच पटलं. पुसलं जातं, हे.

देवाजवळ गेले. समईच्या पायाशी गोधडीची मोठी सुई, टोकाला अर्धा जळका बिब्बा टोचलेला. ज्योतीवर धरला की तेल सुटतं. सगळ्या घरांत असतो. काटा रुतला, लावा. टाच फुटली, लावा. धोबी कपड्यांवर खूण करतात, जन्मात जात नाही. आणि कातडीवर जास्त झाला तर उततो. फोड. पाणी. आग. हे मला माहीत आहे. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

रोज तो काळा अंगठा बघत होते मी.

चावून बघत होते तेव्हा तीट नव्हती. माझ्यानंतर खुळखुळे पुसायला त्यांच्याकडे जात होते.

बाहेर सासूबाई वाती वळत होत्या. मला म्हणाल्या, "च्या मांडू का वं? तोंड उतरून राह्यलं तुहं." मी नाही म्हटलं. अंगणात जाऊन आधी डॉक्टरबाईंना फोन केला. बिब्बा म्हटल्यावर त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, बरं झालं कळवलंत, आता काय करायचं ते ठरवता येईल. वस्तू कुणी हाताळू नका, बाकी कुणाकडे असतील त्या आजच परत घ्या.

मग प्रज्ञाला. सगळं सांगितलं. घरातूनच झालं, माझ्या नजरेखाली झालं. ती म्हणाली, "आजीनं?" मी हो म्हटलं. फोन तिने ठेवला की कटला, समजलं नाही.

२२ नोव्हें.

ज्यांच्याकडे गेले होते त्या सगळ्यांना फोन, नाहीतर घरी. दारात उभं राहून म्हणायचं, खुळखुळा द्या, लेकराच्या हातात देऊ नका, हात साबणाने धुवा. कोणी विचारतं काय झालं. कोणी नुसतं बघतं. एका घरी बाळाच्या मुठीतून काढून घ्यावा लागला, ते रडायला लागलं. त्याचे ओठ बघत राहिले, शुद्ध गुलाबी. त्याची आई म्हणाली, "ताई, तुमाले बरं नाही का? बसा."

दुसरं कुठेही काही झालेलं नाही. अजून तरी. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, काहींना लगेच होतं, काहींना आठवड्याने.

हे म्हणतात, "आईले नको सांगू. मरून जाईन ते." नको सांगू तर फळीवरच्या पुढच्या खुळखुळ्याला ती तीट लावतीलच की. मी एवढंच म्हटलं. ते उठून बाहेर गेले, मग आत आले. "सांग. मी असताना सांग."

२३ नोव्हें.

सांगितलं.

त्यांनी आधी मानलंच नाही. "मी जास्त लावला का? येवढुसा. अन् वाळू देल्ला दोन दिस. वाळला का बिब्बा उतत नाही. धोब्याचे कपडे घालतो का नाही आपन? तुह्या नवऱ्याच्या कमरेले लहानपनी बिब्बा बांधला होता मी, काय झालं त्याले?"

"कमरेले होता, आई," हे म्हणाले. "तोंडात नव्हता."

"अन् याचं तरी तोंडात काहून जाईन? लेकरू कड्या चोखन. मुठीच्या खाली कोन चाटते?"

मी मोबाइल पुढे केला. मैत्रीचा पहिल्या दिवशीचा फोटो.

खूप वेळ पाहिला त्यांनी. चष्मा पुसला, परत पाहिला. मग विचारलं, "हे शेजारच्या वनमालाची नात होय?" पाहिलेली मुलगी. दिवाळीत मांडीवर घेतलेली.

मग जे झालं ते मी थांबवू शकले नाही. आर्णीहून आलेला तो खुळखुळा मी कागदात गुंडाळून वर ठेवला होता. त्या उठल्या, काढला, कागद फाडला, उलटा केला आणि तीट खालच्या ओठावर दाबून धरली. हे ओरडले, "आई!" मी हात धरला. त्या हाताला किती जोर असावा. जिभेने तीट ओली केली, परत दाबली.

"पाहू दे मले. वाळला का उतत नाही. पाहू दे."

२५ नोव्हें.

ओठ उतला.

काल नुसती आग म्हणत होत्या. आज सकाळी चहाला आल्या नाहीत. खोलीत गेले तर भिंतीकडे तोंड, पदर नाकापर्यंत. खाली ओढला तर मैत्रीचंच तोंड. म्हातारं, बिनदाताचं, पण तेच. तेच फोड, तीच हनुवटी.

दवाखान्यात न्यायला निघालो तर येईनात. "राहू दे. लेकराचं बरं होईस्तोर राहू दे." यांनी उचलूनच रिक्षात बसवलं.

मैत्रीचा डोळा किंचित उघडतो. बुबुळ ठीक दिसतंय म्हणाल्या डॉक्टरबाई. "दिसतंय" म्हणाल्या. "आहे" नाही म्हणाल्या.

२८ नोव्हें.

सासूबाई हट्टाने आल्या माझ्याबरोबर यवतमाळला. बसमध्ये सगळे बघत होते. पदर धरून बसल्या.

वॉर्डात शिरल्या आणि हात मागे नेले, पाठीशी एकात एक घट्ट धरले. तसंच उभं राहून प्रज्ञाच्या सासूला म्हणाल्या, "म्या केलं. हिनं नाही. हिच्या चावल्यावर म्या लावलं." सुजल्या ओठातून धड शब्द येत नव्हते. दोनदा म्हणावं लागलं.

प्रज्ञाची सासू काहीतरी बोलायला उठली होती, त्या तयारीनेच. मग पदर सरकला आणि तिला ते तोंड दिसलं. उभीच राहिली. "हे काय करून घेतलं, बाई?" तिने स्टूल ओढून दिलं. सासूबाई बसल्या नाहीत.

मैत्री प्रज्ञाच्या खांद्यावर होती. एका डोळ्याने बघत होती. सासूबाईंकडे तिने हात केला. माणूस दिसलं की करतेच. सासूबाईंचे हात पाठीमागेच. मला मागून दिसत होते.

निघताना प्रज्ञा म्हणाली, "आजीला सांभाळा." मला नाही म्हणाली काही. मला काय म्हणणार.

१ डिसें.

आज लेथ लावून पाहिला. लाकूड फिरलं, पटाशी लागली, छिलका निघाला, हात सगळं जाणतो. कड्या मोकळ्या झाल्या, वाजल्या. सवयीने तोंडाकडे नेला आणि तिथेच थांबले. चावता येईना. लाइन असताना लेथ बंद केला.

माझा नियम होता चावायचा. त्याच्यावर इतका भरवसा की त्यानंतर वस्तू कुणाच्या हातात जाते, पाहिलंच नाही. सासूबाई तर माझीच लेकरं असल्यासारखं एकेका खुळखुळ्याला जप म्हणत होत्या. आणि मी एकदाच जरी नीट बसून सांगितलं असतं, दीठ नको म्हणून नाही, लेकरू दांड्याचं दोन्हीकडचं टोक चोखतं म्हणून. त्यांना कोण सांगणार? या घरात शेवटचं लेकरू त्यांचंच. चाळीस-पन्नास वर्षांत विसरतं माणूस. मी तर कधी जाणलंच नव्हतं, वाचून शिकले.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "लते, येक अजून हाये."

मला कळेना.

"खुळखुळा. मागच्या चतुर्थीले चिंतामणीच्या देवळात गेलती. येक बाई होती, लेकरू लय रडत होतं. थैलीत होता, देऊन टाकला. लाल कड्यायचा."

कोण बाई? कुठली? साडी? गाव?

"मले काय मालूम? दर्शनाले आलती. लेकराले फक्त पाहिलं म्या."

३ डिसें.

यांनी डेपोत सगळ्या ओळखीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना सांगितलं. देवळासमोरच्या फुलवाल्यांना, प्रसादवाल्यांना मी सांगितलं. एक म्हणाला, "ताई, चतुर्थीले किती लोक येतात! लाकडी खुळखुळा कोन ध्यानात ठेवते?"

बरोबर आहे. लेकराला काही झालं असतं तर आत्तापर्यंत कळलं असतं, हे म्हणतात. कळलं असतं का? ती बाई कुणाला सांगेल? देवळात भेटलेल्या म्हातारीने दिलेली वस्तू. देवाचीच समजून उशाशी ठेवली असेल.

मैत्री घरी गेली. डोळा उघडतो. गालावर डाग राहिलाय, कमी होईल म्हणतात. प्रज्ञाचा मेसेज, फोटो नाही: "आता बरी आहे." तोच परत परत वाचला.

७ डिसें.

संकष्टी. सासूबाई पहाटेच तयार. ओठावरची खपली निघालीय, खालचं कातडं गुलाबी, कोवळं, त्या चेहऱ्यावर दुसऱ्याच कुणाचं वाटतं. "आज येईन ते बाई. नवस असन तर दर चतुर्थीले येते."

देवळाच्या पायऱ्यांवर कडेला बसल्या. दर्शन घेतलं नाही. मी म्हटलं, आधी आत जाऊन या. "मंग पाहीन कोन?" येणाऱ्या प्रत्येक लेकराच्या हाताकडे बघत होत्या. तोंडाकडे नाही, हाताकडे. मग ओठांकडे. कोणी बाई थांबली की विचारत, "बाई, मागच्या चतुर्थीले म्या खुळखुळा देल्लता का तुले?" कोणी हसे, कोणी लेकरू छातीशी धरून सरके. एका बाईने त्यांच्या मांडीवर केळं आणि नाणं ठेवलं, वाकून नमस्कार केला. त्यांनी तिला अडवलं नाही. केळं तसंच मांडीवर राहिलं.

मी खाली गर्दीत फिरत होते. काखेतली, खांद्यावरची, पाठीशी बांधलेली लेकरं. मुठीत बिस्किट, चावी, आईचं मंगळसूत्र.

आरतीच्या आधी घंटा थांबल्या, तेव्हा आवाज आला.

माझ्या कड्यांचा. शिवणीच्या कड्यांचा आवाज मला झोपेत ओळखू येईल. प्लॅस्टिकसारखा किरकिरा नाही, ओला, बुटका. टुक-टुक, टुक. फाटकाच्या बाजूने कुठून तरी. मी वळले, आणि वर पायरीवर सासूबाईंनीही मान वळवली होती. दोघींनी एकदमच.

पदराआडची, शालीखालची, किती लेकरं त्या बाजूला. मी घुसले. धक्के मारले. "थांबा! लाकडी खुळखुळा कुणाकडे आहे?" कोणी थांबलं नाही. सासूबाई कशा उतरल्या माहीत नाही, मागून माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा.

"वाजून राह्यला," म्हणाल्या. "आयकून राह्यली न तू? वाजून राह्यला. म्हंजे तोंडात नाही."

टुक-टुक. टुक.

मग थांबला.